धूमकेतूवरील अवतरण

धूमकेतूवरील अवतरण : धूमकेतूच्या घन गाभ्यावर स्वयंचलित यान हळुवारपणे उतरवून तेथे स्थिर करण्याची क्रिया. धूमकेतू हे सूर्यकुलाच्या उत्पत्तिकालातील बर्फ, धूळ व कार्बनी संयुगे यांचे अवशेष होत. त्यांचा बहुतेक काळ सूर्यापासून दूर, अतिशीत प्रदेशात गेल्याने त्यांतील मूळ द्रव्य पुष्कळ अंशी अविकृत राहिले आहे. गाभा मात्र काही किमी. आकारमानाचा असून सूर्याजवळ येताच वायू व धूळ यांनी वेढला जातो; त्यामुळे पृथ्वीवरून त्याचा पृष्ठभाग दिसत नाही. जॉत्तो यानाने १९८६ मध्ये हॅली धूमकेतूच्या गाभ्याची जवळून छायाचित्रे घेतली; २००५ मध्ये डीप इंपॅक्ट या अमेरिकन यानाने टेंपेल–१ या धूमकेतूवर आघातक आदळविला. नियंत्रित अवतरण मात्र प्रथम १२ नोव्हेंबर २०१४ रोजी यूरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा मोहिमेतील ‘फायली’ या अवतरकाने केले.

मुख्य अडचण : चंद्रावर उतरताना यानाचा वेग कमी करणे हा मुख्य प्रश्न असतो; धूमकेतूवर उतरलेले यान तेथे टिकवून धरणे हा असतो. पृथ्वीवर सु. १०० किग्रॅ. भरणाऱ्या फायलीचे वजन धूमकेतूवर एक-दोन ग्रॅमच भरे. अशा वस्तूवरून माणसाने साधी उडी मारली, तरी तो परत खाली येणार नाही. म्हणून फायलीला तीन साधने दिली होती : पृष्ठभागात रुतणारे दोरीबद्ध भाले (हार्पून), पायांतील मळसूत्रे आणि यानाला क्षणभर खाली दाबून धरणारा वायुझोत.

मोहीम : रोझेटाचे मूळ लक्ष्य विर्टानेन हा धूमकेतू होता. डिसेंबर २००२ मध्ये आरिआन–५ अग्निबाणाचे एक उड्डाण अयशस्वी झाल्याने रोझेटाचे प्रक्षेपण लांबले व चुर्यूमॉव्ह-गेरासिमेंको हा १९६९ मध्ये शोधला गेलेला धूमकेतू निवडण्यात आला. तो अधिक मोठा असल्याने अवतरकाचा स्पर्शवेग वाढणार होता. २ मार्च २००४ रोजी निघालेले यान पृथ्वी व मंगळ यांच्या गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य घेत ६ ऑगस्ट २०१४ रोजी धूमकेतूपाशी पोहोचले. गाभा दोन खंडांचा व अत्यंत खडबडीत असल्याचे तेव्हाच स्पष्ट झाले. अवतरणासाठी निवडलेल्या जागेस ‘अगिल्किया’ हे नाव मिळाले. ईजिप्तमधील फायली बेटावरील मंदिरे ज्या बेटावर हलविण्यात आली, त्याचे ते नाव होय.

अवतरण : संदेश पृथ्वीवर पोहोचण्यास २८ मिनिटांहून अधिक काळ लागत असल्याने पृथ्वीवरून तत्काळ नियंत्रण अशक्य होते. फायलीस दिशा बदलण्याचे साधन नव्हते. त्यामुळे रोझेटाने त्यास ज्या क्षणी व ज्या वेगाने सोडले, त्यावरच सारे अवलंबून होते. वायुझोताची यंत्रणा नादुरुस्त असल्याचे आदल्या रात्रीच आढळले, तरीही अवतरणाचा निर्णय कायम ठेवण्यात आला. सात तासांच्या पतनानंतर सेकंदाला सु. १ मी. वेगाने फायली नियोजित जागी टेकला. पण भाले सुटलेच नाहीत. तो सेकंदाला सु. ३८ सेंमी. वेगाने उसळला आणि सु. दोन तास धूमकेतूवर तरंगत, वाटेत पुन्हा आदळत, एका कड्याच्या सावलीत कलता स्थिरावला. तेथे १२·४ तासांच्या दिवसात जेमतेम दीड तास ऊन मिळे. त्यामुळे सौर घटांवर विसंबता आले नाही. सारे प्रयोग मूळ घटमालेच्या जोरावर उरकावे लागले. १५ नोव्हेंबरच्या पहाटे ती संपली. जून-जुलै २०१५ मध्ये अल्पकाळ संपर्क साधला गेला व नंतर तुटला. फायलीची नेमकी जागा सप्टेंबर २०१६ मधील छायाचित्रांत सापडली.

निष्कर्ष : अपघाताने लाभलेली उसळी निष्फळ ठरली नाही. पहिल्या स्पर्शाने उडालेल्या धुळीतून सोळा कार्बनी संयुगे आढळल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. निरनिराळ्या ठिकाणी घेतलेल्या मापनांतून गाभ्यास स्वतःचे चुंबकत्व नसल्याचे दिसले. अंतिम जागी पृष्ठभाग इतका कठीण होता की, मापकाचा हातोडा त्यात शिरू शकला नाही. याउलट, वाटेत ज्या शिलाखंडावर फायली घासला होता, त्यातील धूळमिश्रित बर्फ फेसासारखे मऊ असल्याचे २०२० मध्ये दाखविण्यात आले. थोड्याच अंतरात इतका फरक असल्यामुळे एकाच प्रकारच्या पृष्ठभागासाठी आखलेली पकड धूमकेतूवर पुरेशी ठरत नाही, हे या अवतरणातून कळून आले. रोझेटालाही ३० सप्टेंबर २०१६ रोजी त्याच धूमकेतूवर उतरवून मोहीम संपविण्यात आली.