फ्रेंच टोस्ट : तव्याऐवजी वॉफलच्या साच्यात

तव्यावरचा फ्रेंच टोस्ट वरून खमंग दिसतो. मात्र मधोमध मोडला की आत ओला, अर्धकच्चा गर आढळतो. हा अनुभव अनेक स्वयंपाकघरांतला आहे. त्यावर अमेरिकेतील घरगुती स्वयंपाकात एक सोपा उपाय केला जातो. अंडे आणि दुधात भिजवलेला पाव तव्यावर न टाकता वॉफलच्या तापलेल्या साच्यात भाजला जातो.

हा पदार्थ मुळात शिळ्या पावाचा. फ्रेंच भाषेत त्याला 'पँ पेर्द्यू', म्हणजे 'वाया गेलेला पाव', असे म्हणतात. तथापि त्याची परंपरा फ्रान्सहून जुनी आहे. प्राचीन रोमन पाककृतींच्या 'अ‍ॅपिसियस' या संग्रहात पावाचे तुकडे दुधात भिजवून, तळून, वर मध घालण्याची कृती आढळते. वॉफलचा साचाही युरोपातूनच अमेरिकेत पोहोचला. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना २४ ऑगस्ट १८६९ रोजी चुलीवर उलटता येणाऱ्या सुधारित साच्याचे पेटंट मिळाले. आजचा साचा विजेवर चालतो व उलटावाही लागत नाही.

तव्यावर उष्णता एका वेळी एकाच बाजूने मिळते. पावाचा पृष्ठभाग करपू लागला तरी मध्यभागातील अंडे घट्ट झालेले नसते. साच्यात दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उष्णता मिळते. त्यातील उंचवटे पावात रुतत असल्याने ती आतपर्यंत लवकर पोहोचते. शिवाय खळग्यांमुळे तापलेल्या धातूला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि तांबूस, कुरकुरीत भागही वाढतो. हा रंग व सुगंध ज्या रासायनिक प्रक्रियेतून येतो, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मैलार यांनी १९१२ मध्ये केले होते. ओल्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. त्यामुळे पाणी उडून गेल्याखेरीज ही प्रक्रिया जोर धरत नाही.

यश अवलंबून असते ते भिजवण्यावर. चार कापांना दोन अंडी व सुमारे १२० मिलिलीटर दूध पुरते. ताजा, मऊ पाव साच्याच्या दाबाने लगदा होतो. आदल्या दिवशीचा पाव आकार टिकवून धरतो. बाजारातील पातळ काप प्रत्येक बाजूने काही सेकंदच बुडवावेत व जास्तीचे मिश्रण निथळू द्यावे. खोल खळग्यांच्या साच्यात पातळ काप नीट भिडत नाहीत. तेथे सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचे काप हवेत. मिश्रणात साखर भरपूर घातल्यास ती करपून साच्याला चिकटते. गोडी वरून, मधाने किंवा पाकाने, आणलेली बरी.

साचा पूर्ण तापल्यावर दोन्ही पृष्ठभागांना तूप किंवा तेल लावून काप ठेवावा. झाकण हलकेच मिटावे. जोर देऊन दाबल्यास मिश्रण कडेने बाहेर येते. तीन ते पाच मिनिटे पुरतात, पण घड्याळापेक्षा वाफेकडे लक्ष देणे अधिक विश्वसनीय. ती ओसरण्यापूर्वी झाकण उघडल्यास टोस्ट दोन्ही बाजूंना चिकटून मधोमध फाटतो.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून आतला भाग शिजणे हा केवळ चवीचा प्रश्न नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार अंड्याच्या पदार्थांचे अंतर्गत तापमान ७१ अंश सेल्सिअस व्हावे. तापमापक नसल्यास मध्यभाग मोडून पाहावा. ओघळणारे मिश्रण दिसल्यास टोस्ट पुन्हा साच्यात ठेवावा.

दक्षिण भारतात अनेक ठिकाणी फ्रेंच टोस्टला 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात, याचे मुंबईकरांना नवल वाटावे. कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घातलेला तिखट प्रकारही साच्यात उत्तम होतो. कांदा मात्र अगदी बारीक चिरावा, कारण खळग्यांत अडकलेले मोठे तुकडे करपतात. ते काढण्यासाठी धातूचा चमचा वापरल्यास साच्यावरील न चिकटणारा थर खरवडला जातो; लाकडी काडी पुरेशी असते. विजेचा साचा पाण्यात बुडवू नये. प्लग काढून, तो थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावा.