शब्द एक, रूपे अनेक

समजा, मुंबईच्या उपनगरांतील वाचनालयांची माहिती देणारे एक संकेतस्थळ आहे. त्याच्या शोधचौकटीत एका विद्यार्थ्याने 'बोरीवली' हा शब्द भरला. उत्तर आले : 'काहीही सापडले नाही.' वास्तविक माहिती तेथेच होती. पण ती 'बोरिवली' या नावाखाली होती. फरक फक्त एका वेलांटीचा! विद्यार्थी मात्र समजतो की, बोरिवलीत वाचनालयच नाही. शोधाची सोय सदोष असली, की असलेली माहितीही नसल्यासारखी होते. असे का होते ते पाहू या.

दर वेळी संगणक सगळी पाने वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तो आधीच तयार ठेवतो. तीत प्रत्येक शब्दापुढे तो शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, याची नोंद असते. समजा, हे शब्द अकारविल्हे लावलेले आहेत. मग सूचीच्या मधोमध असलेला शब्द पाहायचा. हवा असलेला शब्द त्याच्या आधी येईल की नंतर, ते ठरवायचे आणि नको असलेला अर्धा भाग सोडून द्यायचा. दर खेपेस सूची निम्मी होते. २ चा २० वा घात १०,४८,५७६ आहे. म्हणजेच दहा लाख शब्दांतून हवा तो शब्द फार तर २० तुलनांत सापडतो!

वेगाचा प्रश्न असा सुटतो. पण खरी अडचण वेगळीच आहे. संगणक अक्षरे क्रमांकांच्या रूपात साठवतो. युनिकोड या संकेतावलीत ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७, तर दीर्घ वेलांटीचा २३६८ आहे. त्यामुळे 'बोरिवली' आणि 'बोरीवली' हे त्याच्या लेखी दोन निराळे शब्द ठरतात. 'गोरेगांव' आणि 'गोरेगाव' यांचेही तसेच. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या लिखाणात ते आहेतच.

यावर उपाय म्हणजे शब्दांमधील 'अंतर' मोजणे. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती कमीत कमी संख्या म्हणजे अंतर. ही कल्पना रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडली. वरील दोन्ही जोड्यांमध्ये अंतर १ आहे. परंतु 'वाशी' आणि 'काशी' यांमधील अंतरही १ च आहे! म्हणून संगणकाने परस्पर शब्द बदलू नये. 'तुम्हाला बोरिवली म्हणायचे आहे का?' असे विचारावे.

मराठीत आणखी एक गंमत आहे. 'ठाणे' शोधणाऱ्याला 'ठाण्यात', 'ठाण्याहून' ही रूपेही हवी असतात. त्यासाठी प्रत्यय काढून मूळ शब्द ओळखावा लागतो. 'मुलुंडला' मधील 'ला' काढला की 'मुलुंड' मिळते. हाच नियम डोळे मिटून 'कुर्ला' या शब्दाला लावला, तर हाती काय उरेल? नुसते 'कुर्'! म्हणून नियमांबरोबर अपवादांची यादीही लागते.

काही वेळा शब्दच बदलतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. येथे अंतर मोजून उपयोग नाही. जुन्या-नव्या नावांच्या जोड्या माणसानेच लिहून द्याव्या लागतात.

असे उपाय वाढवत गेले की उत्तरे अधिक मिळतात, पण त्यांत नको असलेलीही शिरतात. समजा, उपयोगी पाने १० आहेत. शोधात ४० पाने आली आणि त्यांत उपयोगी ८ होती. म्हणजे हव्या असलेल्यांपैकी ८० टक्के मिळाली. पण आलेल्यांपैकी कामाची फक्त २० टक्के! म्हणून ती ८ पाने वरच्या बाजूला दिसतील अशी क्रमवारी लावणे महत्त्वाचे. शोधलेला शब्दही चौकटीत तसाच राहू द्यावा. म्हणजे तो पुन्हा न लिहिता दुरुस्त करता येतो.

करून पाहा : शाळेच्या ग्रंथालयातील वीस पुस्तकांची नावे घ्या. पाच मित्रांना ती ऐकवून लिहायला सांगा. एकाच नावाची किती रूपे मिळाली ते मोजा आणि त्यांतील अंतरे काढा. तुमच्या ग्रंथालयाच्या शोधचौकटीला किती अंतर चालवून घ्यावे लागेल, ते त्यावरून ठरवता येईल.