दहा एक जमले की हातचा येतो

महापे एमआयडीसीतून शिळफाट्यामार्गे डोंबिवलीला जाणाऱ्या आमच्या ऑफिसच्या बसमध्ये एक फॉरवर्ड पुन्हापुन्हा फिरतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, नऊ वेळा एक लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१. इथवर सगळं बरोबर. पण शेवटी ठोकून दिलेलं असतं : ‘हे असंच अनंतापर्यंत चालतं. दहा एकांचा वर्ग १२३४५६७८९१०९८७६५४३२१.’ हे साफ चूक आहे. दिवसभर आकड्यांत काम करणारी माणसं ते न तपासता पुढे ढकलतात, याचा राग येतो.

कागद घ्या. ११११ गुणिले ११११ मांडा. ११११ च्याच चार ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता प्रत्येक उभ्या घरातले एक मोजा : १, २, ३, ४, ३, २, १. नक्षी येते ती एवढ्यामुळेच. नऊ एकांच्या वेळी मधल्या घरात नऊ जमतात, हातचा लागत नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते. शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळवला की तिथेही शून्य आणि पुन्हा हातचा. मग आठाचे नऊ. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

तरी पटत नसेल तर ११ ची कसोटी लावा. दहा एकांची संख्या ११ ने भागली जाते, म्हणजे तिचा वर्गही जायला हवा. फॉरवर्डमधल्या संख्येच्या एकाआड एक अंकांच्या बेरजा ४५ आणि ४६ येतात. त्यांतला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत नाही, म्हणून भाग जात नाही. ती संख्या तर मुळात अविभाज्य आहे. ती कुठल्याच पूर्णांकाचा वर्ग असू शकत नाही.

नऊ एकांपर्यंतच्या या वर्गांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं ते देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. कल्पना सुचली त्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनचं ते नाव. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, आमच्या बसचा शेवटचा थांबा.

आणखी काही गैरसमज :

‘नऊ एकांचा वर्ग एक्सेलमध्ये केला की शेवटी ३०० दिसतं, म्हणजे सतरा अंकी उत्तर चुकलं.’ एक्सेल पहिले १५ अंकच जपतं. शेवटची दोन शून्यं त्याने भरलेली असतात.

‘अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून पुन्हापुन्हा वजाबाकी केली की कुठल्याही संख्येवरून कापरेकरांचा ६१७४ येतो.’ फक्त चार अंकी संख्येवरून, आणि चारही अंक सारखे नसतील तरच.

‘एवढी मोठी विषम संख्या अविभाज्यच असणार.’ १२३४५६७८९८७६५४३२१ मधल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटलं.

आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून नक्षी नऊ एकांपर्यंत टिकते; आठाच्या पटीत लिहीत असतो तर ती सातावरच थांबली असती. ८१ ने जाणारा भाग मात्र संख्या कशीही लिहिली तरी जातोच. नक्षी आपल्या लिहिण्याची आहे, भाग जाणं हा संख्येचा स्वतःचा गुण आहे.