आजींचा जबाब

लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर वैशाखात करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. मी इतकी वर्षे त्यांच्याकडून करवंदे घेत आले आणि दर वर्षी घासाघीस करीत आले. चार पावले पलीकडे चिक्कीच्या दुकानात मात्र छापील भावाने निमूट पैसे मोजते! त्या बायका कुठल्या, हे विचारावे असे मला कधी वाटले नाही.

विचारण्याचा प्रसंग गेल्या वर्षी आला. माझा एक जुना विद्यार्थी मावळातल्या कातकरी वाड्यांवर काम करतो. नवरात्र संपता संपता तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, एक जबाब लिहून हवाय. तुमची भाषा चांगली आहे." मराठीच्या प्राध्यापिकेला याहून गोड आमंत्रण कोणते असणार? पण घाई करायला हवी होती. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला माणसे बायकापोरांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

कातकरी हे नावच कातावरून पडलेले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, त्याचा रस आटवून कात करण्याची विद्या या लोकांची. जेवणानंतर आपण विडा खातो, त्याला रंग येतो तो या काताने. १८७८ च्या कायद्याने सरकारने जंगलावर आपला हक्क पक्का केला, खैर राखीव झाला, आणि ज्यांचे जंगल तेच चोर ठरले. मग ठेकेदारासाठी कोळसा पाडणे आले आणि आता विटा. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना अति असुरक्षित मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्या जोडीला कातकरी आहेत.

हा सारा अन्याय होता, हे आपल्या संसदेने कबूल केले आहे, आणि तेही लेखी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत. योगायोग पाहा: त्या कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ ला निघाले. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी आणि जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी तिथल्या मूळ रहिवाशांची, त्यांची मुले घरातून उचलून नेल्याबद्दल, भर संसदेत माफी मागितली. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती आणि डोळ्यांत पाणीही आले होते. आपल्या नियमांची बातमी वाचल्याचे काही आठवत नाही.

या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असल्याचे आदिवासी कुटुंबाने दाखवायचे असते. त्याला पुरावे लागतात. सातबारा नसलेल्याने कुठला कागद आणायचा? म्हणून नियमांत एक शहाणपणाची सोय आहे: दावा करणाऱ्याखेरीज गावातल्या दुसऱ्या कोणा वृद्धाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीगतही पुरावा म्हणून चालते. आम्ही निघालो होतो ती अशी हकीगत लिहून घ्यायला.

लोणावळ्याहून दुधिवऱ्याची खिंड ओलांडली की पवनेचे पाणी दिसू लागते. काठाने आपल्यासारख्यांचे बंगले आणि सुटीसाठी ठोकलेले तंबू. त्यांच्या वर, डोंगराच्या अंगाला, वाडी. दावा एका तरुणाचा, नाचणी-वरईच्या तुकड्यासाठी. साक्ष शेजारच्या आजींची. आजी दोन तास बोलल्या. मी मान डोलवत होते आणि मनात वाक्ये घडवीत होते. मग ऐटीत एक पान लिहिले. 'अनादी कालापासून हे कुटुंब वनमातेच्या कुशीत कष्ट करून उदरनिर्वाह करीत आहे' अशी सुरुवात होती. विद्यार्थ्याने ते मोठ्याने वाचले. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"लई चांगलं हाये, बाई," त्या म्हणाल्या. "पर ह्यो जबाब कुनाचा?"

विद्यार्थी हसला नाही. त्याने हळूच विचारले, "बाई, झिरा कुठं गेला? आणि म्हसोबा?"

ते मी गाळले होते. त्या तरुणाच्या आज्याने दगड बसवून बांधलेला झिरा मला किरकोळ वाटला होता. बांधावरचा शेंदराचा दगड ही अंधश्रद्धा वाटली होती. आणि धरणाचे काम चालू असताना आजींचा मुलगा पाठीला होता, तेव्हाही तिथे नाचणी उभी होती, हे तर विषयांतरच! पण विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांना ते नियम पुरावा मानतात. पवनेचे धरण सत्तरच्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. म्हणजे २००५ च्या पुष्कळ आधीची तारीख आजींनी मला दिली होती. मी तिच्यावर 'अनादी काल' ओतून ठेवला होता. वर्गात 'जेव्हा माणूस जागा होतो' शिकवताना गोदावरी परुळेकर वारल्यांच्या पाड्यांवर कशा राहिल्या, हे मी रंगवून सांगते. इथे दोन तास ऐकणे मला जमले नव्हते.

पान फाडले आणि पुन्हा बसलो. या वेळी आजी सांगत होत्या आणि मी लिहीत होते. मी 'पश्चिमेस' लिहिले की त्या 'मावळतीला' म्हणत. "वढा न्हाय, व्हळ." लाल शाईची सवय असलेला माझा हात दर ओळीला अडखळत होता. 'व्हळ' तसाच राहू दिला. वाचून दाखवले, त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले, एका जागी थांबवून झिऱ्याची बाजू बदलायला लावली आणि मग अंगठा उठवला.

वाडीची वनहक्क समिती जागेची पाहणी करील, मग ग्रामसभेचा ठराव, मग उपविभाग, मग जिल्हा. पाहणीच्या दिवशी दावेदाराने हजर असावे हे बरे, आणि दावेदार तर भट्टीवर. भट्टीवरच्या मुकादमाचा फोन नंबर मी वहीत लिहून घेतला आहे. नोटीस निघाली की निरोप पोचवायचा आणि येण्याजाण्याच्या भाड्याचे पाहायचे, एवढे काम माझ्याकडे आले आहे.