वऱ्हाडच्या युवराज्ञीचं शहर

इस्तंबूलच्या खानावळीत जेवण झालं की वाढप्याला ‘हेसाप’ म्हणायचं. तो हिशेब घेऊन येतो. हिंगोलीकडच्या आमच्या साखऱ्याच्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. दुकानाला तिथे ‘दुक्क्यान’ म्हणतात, वहीला ‘देफ्तेर’. अरबी-फारसीतले हे शब्द तिकडे तुर्कांच्या तोंडी रुळले, इकडे महसुली दप्तरांतून आपल्या.

पण सेनगाव तालुक्यातून या बंदरी शहरात जाणाऱ्याला शब्दांहून जवळचं नातं सापडतं, ते दोलमाबाहचे राजवाड्यात. ‘बाहचे’ म्हणजे आपला बगीचा, ‘दोलमा’ म्हणजे भरलेला. बॉस्फरसची एक खाडी भराव घालून बुजवली, तिथे बाग झाली आणि 1843 ते 1856 या काळात सुलतान पहिला अब्दुलमजीद याने राजवाडा उभारला. साडेचार टनांचं झुंबर बघायला सगळेच थांबतात. तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क 10 नोव्हेंबर 1938 रोजी सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी जिथे वारले, ती खोलीही सगळे बघतात. मराठवाड्याच्या पाहुण्याने मात्र दुसऱ्या अब्दुलमजीदांच्या ग्रंथालयात जास्त वेळ द्यावा.

हे उस्मानी घराण्यातले शेवटचे खलिफा. पुस्तकांत रमणारे, उत्तम चित्रकार. मार्च 1924 मध्ये अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि त्यांना कुटुंबासह रातोरात देश सोडावा लागला. सोबत दहा वर्षांची मुलगी होती, दुर्रुशेहवार. पुढे फ्रान्समधल्या नीस शहरात हे कुटुंब राहिलं, त्यांना तनखा पाठवत होता हैदराबादचा निजाम. 1931 मध्ये नीसलाच दुर्रुशेहवारचं लग्न निजामाचे थोरले पुत्र आझम जाह यांच्याशी झालं. त्याच उस्मानी घराण्यातली नीलूफर धाकट्या पुत्राला दिली.

आता आपल्या नकाशाकडे बघा. हिंगोली तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होती. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तिथला कारभार इंग्रजांकडे, मालकी मात्र नावापुरती निजामाची. म्हणून 1936 पासून निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. आपल्या पणज्यांच्या काळात वऱ्हाडची युवराज्ञी म्हणून मिरवणारी बाई इस्तंबूलची होती! शाळेच्या इतिहासात हे कुणी सांगितलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

राजवाडा सोमवारी बंद असतो. काबाताशपर्यंत ट्राम जाते, तिथून पाच-दहा मिनिटांची चाल. दुसऱ्या दिवशी एमिनोन्यू धक्क्याजवळच्या मसाल्याच्या बाजारात हळदीची पिवळी रास बघावी (तिथे तिला ‘झेर्देचाल’ म्हणतात) आणि उस्कुदारची बोट धरावी. बोट युरोपातून निघून आशियाला लागते. दुर्रुशेहवारचा जन्म त्याच आशियाई काठावरचा, 1914 चा. वाटेत डावीकडे दूरवर राजवाड्याचा पांढरा दर्शनी भाग पाण्यालगत दिसतो.

जायच्या आधी मात्र खुलताबादला जाऊन या. औरंगजेबाच्या कबरीसाठी लोक तिथे जातात. त्याच परिसरात या शेवटच्या खलिफांच्या कबरीसाठी बांधलेली घुमटाची इमारत आहे. ते 1944 मध्ये पॅरिसमध्ये वारले. देह दहा वर्षं तिथल्या मशिदीत ठेवला होता, शेवटी मदिनेत दफन झालं. खुलताबादची कबर रिकामीच राहिली.