विश्लेषण : लष्कराची जुनी जिप्सी विकत घेता येते, पण चालवता येते का?

लष्कराने निकाली काढलेल्या जिप्सी आणि जोंगा यांना हौशी मंडळींमध्ये मोठी मागणी असते. ‘आर्मी लिलावातली जिप्सी, स्वस्तात’ अशा जाहिरातीही मोबाइलवर फिरत असतात. अशी गाडी घेणे हा गुन्हा नाही. मात्र गाडी घेणे वेगळे आणि रस्त्यावर आणणे वेगळे. पैसे बुडतात ते या दोहोंच्या मधल्या टप्प्यात.

बाणाच्या क्रमांकाचे काय होते?

लष्करी गाडीच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो, आरटीओचा क्रमांक नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ६०नुसार संरक्षणासाठी वापरात असलेल्या केंद्राच्या वाहनांची नोंदणी स्वतंत्र यंत्रणेकडे होते. गाडी सरकारच्या मालकीतून गेली की त्याच कलमानुसार तिला सर्वसामान्य वाहनांचे नियम लागू होतात. म्हणजे नव्या मालकाला आपल्या भागातील आरटीओत नोंदणी करावी लागते. नोंदणी, तात्पुरती का होईना, हाती येईपर्यंत गाडी ट्रकवर घालूनच आणलेली बरी. विनानोंदणी चालवल्यास पहिल्यांदा दोन ते पाच हजार रुपये दंड होतो. पुन्हा सापडल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो किंवा वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते.

कोणता कागद हवाच?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९च्या नियम ४७मध्ये माजी लष्करी वाहनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. नोंदणीसाठी संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेले ‘फॉर्म २१’मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. मूळ, म्हणजे झेरॉक्स नव्हे. बऱ्याचदा लिलावात गाड्यांचा अख्खा लॉट व्यापारी घेतो आणि पुढे एकेक गाडी स्टॅम्प पेपरवर विकतो. हा स्टॅम्प पेपर त्या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. चासी आणि इंजिन क्रमांक कागदाशी जुळवून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. गाडी वापरासाठी विकली होती की भंगार म्हणून, हेही लिलावाच्या अटींत वाचावे.

१५ वर्षांची मेख

१ एप्रिल २०२३पासून सरकारी वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर संपते आणि त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच लावावी लागते. चिलखती आणि तत्सम विशेष लष्करी वाहने यातून वगळली आहेत. साधी जिप्सी त्या सवलतीत बसेल, असे गृहीत धरू नये.

ऑलिव्ह ग्रीन ठेवता येईल?

नाही. नियम १२१नुसार हा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. हौशी लोकांना हेच सर्वाधिक खटकते. ज्या रंगासाठी गाडी घेतली, तोच आधी घालवावा लागतो!

इंजिन बदलण्याचा मोहही अनेकांना होतो. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेल्या जोंगाचे मूळ इंजिन जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन. ते पोसणे महाग, म्हणून त्या जागी डिझेल बसवले जाते. कलम ५२नुसार याला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. विनापरवानगी फेरफार केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रणगाड्याचा प्रश्न तर निराळाच. तोफा शस्त्र कायदा, १९५९नुसार प्रतिबंधित शस्त्रांत मोडतात. रणगाडे पाहायचे तर अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे.

जाहिरात खरी की खोटी?

‘मी फौजी आहे, बदली झाली, गाडी घाईत विकायची आहे’ असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवायचा आणि वाहतूक खर्च आगाऊ मागायचा, ही फसवणुकीची रुळलेली पद्धत आहे. सेवेत असलेली लष्करी गाडी कुणी जवान परस्पर विकू शकत नाही. ती सरकारची असते. विक्री लिलावातून होते आणि संरक्षण विभागाचे अनेक ई-लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. आगाऊ पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.