भारतातील पूर्व आशियाई अभ्यास

पूर्व आशियाई अभ्यास ही चिनी, जपानी व कोरियन या भाषांचे आणि त्या बोलणाऱ्या समाजांच्या इतिहास, साहित्य, धर्म व राजकारणाचे एकत्रित अध्ययन करणारी विद्याशाखा आहे. केवळ व्यवहारापुरती भाषा शिकविणाऱ्या प्रमाणपत्र वर्गांहून तिची व्याप्ती मोठी आहे.

इतिहास

रवींद्रनाथ टागोरांच्या पुढाकाराने शांतिनिकेतन येथे १९३७ मध्ये चीना भवनाची स्थापना झाली. तान युन-शान हे त्याचे पहिले संचालक होते. आरंभीच्या काळात बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासावर भर होता. कारण मूळ स्वरूपात लुप्त झालेले अनेक भारतीय ग्रंथ चिनी अनुवादांत टिकून राहिले आहेत. पालीचे अभ्यासक पु. वि. बापट यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने 'समन्तपासादिका' या ग्रंथाच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने प्रकाशित केला. १९६२ च्या युद्धानंतर समकालीन चीनच्या अभ्यासाची निकड भासू लागली.

अभ्यासक्रम

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या तिन्ही भाषांत पदवी व पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग 'रानडे इन्स्टिट्यूट'च्या आवारात आहे; टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानी शिकविली जाते. कोरियन लिपी ध्वनिमूलक असल्याने तुलनेने लवकर आत्मसात होते. जपानीत मात्र दोन अक्षरमालांखेरीज नित्य वापरासाठी निश्चित केलेली २,१३६ चित्राक्षरे, म्हणजे 'कांजी', शिकावी लागतात. त्यामुळे वाचनावर प्रभुत्व मिळविण्यास काही वर्षे लागतात.

व्यवसायाच्या संधी

अनुवाद, दुभाषीपण, अध्यापन, पर्यटन, प्रकाशन, वृत्तमाध्यमे व संशोधन ही प्रमुख क्षेत्रे होत. पुणे परिसरातील जपानी व कोरियन उद्योगांमुळे, तसेच माहिती तंत्रज्ञान क्षेत्रामुळे भाषातज्ज्ञांना मागणी असते. भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्यांना एक परकीय भाषा शिकावी लागते. वसंत वासुदेव परांजपे यांनी चीनमध्ये राहून चिनी भाषेचे शिक्षण घेतले. पुढे ते भारत-चीन भेटींत पंडित नेहरूंचे दुभाषी होते व नंतर राजदूतही झाले.

मर्यादा

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेचे एन-५ ते एन-१ असे पाच स्तर असून एन-१ सर्वोच्च आहे. या परीक्षेत वाचन व श्रवण तपासले जाते. संभाषण आणि लेखन यांची चाचणी होत नाही. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे दुभाष्याचे काम करता येईलच असे नाही. प्राथमिक स्तरावरील ज्ञान स्वतंत्र व्यवसायास सहसा पुरत नाही. कारखान्यातील दुभाष्याला यंत्रांची परिभाषा, न्यायविषयक अनुवादकाला कायदा आणि ग्रंथानुवादकाला साहित्यपरंपरा अवगत असावी लागते. म्हणूनच भाषेच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या विषयाचा पक्का अभ्यास असणे या क्षेत्रात महत्त्वाचे ठरते.